दुसऱ्या बाजूला विचारायचं राहिलं

गंगाधर,

ही गोष्ट मी तुला सांगायची टाळत आलो. आधी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, दिवाळीत निवांत बसू तेव्हा सांगू. मग इतकी वर्षं गेली की गोष्टीपेक्षा ती न सांगणंच मोठं होऊन बसलं. परवा तुझी तेरवी झाली. सोनाळ्याच्या तुझ्या अंगणात लोक तुझ्याबद्दल बोलले, आणि तुझ्या मुलानं माझ्याकडे हात केला. "काका, तुमी बोला. तुमच्याइतकं बाबाले कोनी नाई वळखत." मी उभा राहिलो, "गळा भरून आला" म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना ते खरं वाटलं. पंगतीत मला जास्तीचं आग्रहानं वाढलं गेलं.

म्हणून आता लिहितो आहे. मी लिहायला बसलो की माझी भाषा बदलते, यावरून तू मला जन्मभर चिडवलंस. "सद्या, तू बोलते जळगाव-जामोदचा अन् लिहिते पुन्याचा. तुह्या घरात दोघं राह्यतात का बे?" आता चिडवणारं कोणी नाही, तरी लिहिताना मान वर करून दाराकडे पाहिलं जातं.

तुला टेलिफोनचा बोर्ड समजावून सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी दाखवणं. पण मला सगळं पहिल्यापासून मांडू दे, नाहीतर मी मधूनच निसटेन. मला निसटता येतं, हे तुला आता कळेल.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. राजधानी मुंबईला गेली, पण आपल्या भागातले ट्रंक कॉल अजून नागपूरलाच जास्त लागायचे. जळगाव-जामोदच्या पोस्टामागच्या खोलीत आपला बोर्ड होता. एकेका टेलिफोनाचं एकेक भोक, भोकावर पितळी झडप. गावातल्या कुणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की त्याची झडप पडायची. आपण दोरीचं एक टोक त्या भोकात घालायचं, नंबर विचारायचा, दुसरं टोक दुसऱ्या भोकात घालायचं. दोन माणसं जोडली गेली. बोलून झालं की त्यांनी पुन्हा दांडा फिरवायचा, झडप पडायची आणि आपण दोरी काढायची.

इथपर्यंत कुणीही शिकतो. तू मला शिकवलंस ते याच्या पुढचं होतं. "एका बाजूची झडप पडली म्हनून दोरी काढायची नाई. आपलं बटन दाबायचं, अन् दुसऱ्या बाजूले इचारायचं, झालं का बोलनं? त्यानं तोंडानं झालं म्हटलं का मंगच काढायची."

"एकानं ठेवल्यावर दुसरा कोणाशी बोलते?" मी म्हणालो.

"ते त्याले इचार ना. तू काऊन ठरवतं?"

हा आपला वाद कधीच संपला नाही. मी म्हणायचो, एकाचं संपलं म्हणजे बोलणं संपलं, टाळी एका हाताची नसते. तू म्हणायचास, एकाचं संपलं म्हणजे फक्त त्याचं संपलं. आपल्याकडे येणाऱ्या माणसांना दांडा फिरवायचा असतो हेच मुळात माहीत नसायचं, त्यामुळे तुझ्या नियमाला रोजच काम पडायचं. लोक पोस्टातल्या सार्वजनिक फोनच्या कॅबिनबाहेर चपला काढून आत जायचे. एक म्हातारे बाबा आत उभे राहून नुसती मान हलवत होते, तू बोर्डावरून ओरडलास, "बाबा, मुंडी नका हालवू, तोंडानं सांगा! नागपूरले मुंडी दिसत नाई!" बाबांनी मग फोन कानापासून दूर धरून तुलाच सांगितलं, "झालं हो साहेब!" आणि तुला इतकं हसू आलं की तुझ्या हातातली दोरी भलत्याच भोकात गेली.

आणि ती बाई. नवरा मुंबईच्या गिरणीत होता. त्यानं ठेवून दिलं तरी ती फोन कानाला लावून उभी. मी म्हणालो, काढ आता, तिकडे कोणी नाही. तू हात धरलास माझा. "थांब. तिले म्हनू दे." ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मग हळूच म्हणाली, "झालं भाऊ." तेव्हा तू दोरी काढलीस. ती गेल्यावर मी तुझी टर उडवली. आज वाटतं, त्या दिवशी तू माझा हात धरलास तसा नंतर एकदा धरायला हवा होतास. पण त्या वेळी तू बोर्डाजवळ नव्हतास. नुकताच कॅबिनमधून बाहेर पडला होतास.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तुझी माय गेली. आजारी होती तेव्हाच तू स्वतः नागपूरला थोरल्या भावाला, माणिकदादाला तार केलीस. दादा तिकडे छापखान्यात होता, माय त्याच्यावर जीव टाकायची. माय दादाची वाट पाहत गेली, दादा आला नाही. दहाव्याला नाही, तेरवीला नाही. पूर्णा दोन्ही थड्या भरून वाहत होती, पुलावर पाणी होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण पाणी उतरल्यावरही तो आला नाही, आणि त्याचं पत्रही आलं नाही. तू एकच वाक्य बोलायचास. "तार पोचली, मानूस पोचला नाई." मग तेही बोलणं बंद केलंस.

मग कापसाचे दिवस आले. भर दुपारी नागपूरहून ट्रंक लागला, नावानिशी, गंगाधरसाठी. तुझी ड्यूटी संपत आली होती. बोर्डावर मी येऊन बसलो आणि तू बाहेरच्या कॅबिनमध्ये गेलास. काचेतून तू दिसत होतास. लाइन लागली का हे ऐकायला मी बटण दाबलं. ते मी लगेच सोडायला हवं होतं. सोडलं नाही. माणिकदादाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि तो हुबेहूब तुझ्यासारखा होता.

दादा म्हणाला, पोरीचं लग्न जमलं. तू ये, बायकोला घेऊन ये.

तू म्हणालास, "माय गेली तवा तुले टाइम नवता. आता आवतन देऊन राह्यला?"

"गंग्या, माह्यं ऐकून तर घे—"

"काय ऐकू? मायनं मरेलोक दाराकडं पाह्यलं. तू नाई आला. मले तुह्यं काईच ऐकायचं नाई."

तू फोन ठेवलास, आणि ऑपरेटर तो ऑपरेटर, रागातही दांडा फिरवलास. तुझी झडप पडली. तू कॅबिनमधून बाहेर पडून सायकलकडे गेलास.

दादाला ते कळलंच नाही. तू गप्प झालास एवढंच त्याला जाणवलं असेल. तो बोलतच राहिला. मी ऐकत होतो.

"म्या आलतो बे गंग्या. तार भेटली तसाच निंघालो. पुर्नेच्या काठावर आलतो. पुलावरून पानी होतं, कोनी उतरू देये ना. पानी उतरेलोक तथीच बसलो. मंग सोनाळ्याकडून आलेल्या एकानं सांगतलं का मायले नेलं, राख बी सावडली. मंग कोनत्या तोंडानं येऊ मी? तसाच वापस फिरलो. घरी बी नाई सांगतलं. गंग्या... आयकून राह्यला ना बे?"

इथे मी बोलायला हवं होतं. "दादा, थांबा, तो बाहेर गेला, मी बोलावतो," एवढंच. खिडकीतून हाक मारली असती तर तू सायकलवर बसायच्या आत वळला असतास. माझ्यामागे जिनिंगच्या शेठचा माणूस उभा होता, खामगावचा कापसाचा भाव हवा म्हणून घाई करत. "साहेब, झालं ना त्यायचं? झडप तं पडली." खामगावकडे जाणारी लाइन एकच, नागपूरचा कॉलही तिच्यावरूनच आलेला. मी त्याला कारण म्हणून पुढे करू शकतो. आजवर मनात तेच करत आलो. पण खरं असं, की दोन भावांमधलं ते बोलणं ऐकताना मी सापडलो होतो, आणि मला तिथून बाहेर पडायचं होतं. दुसऱ्या बाजूला विचारायचं असतं हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही. मी दोरी काढली.

आवाज मधेच तुटला. शेठच्या माणसाला खामगाव जोडून दिलं. 

थोड्या वेळानं मी खामगावला परत लाइन मागितली. मघाचा नागपूरचा कॉल पुन्हा जोडता येईल का. तिकडचा ऑपरेटर हसला. "अरे भाऊ, तो पब्लिक फोन होता. पार्टी काय तिथं बिऱ्हाड करून राह्यते का?" नंबर नाही, पत्ता माझ्याकडे नाही. तो तुझ्याकडे होता, आणि तुझ्याकडे मागायचा तर आधी सगळं सांगायला हवं होतं.

मी ठरवलं, सकाळी सांगायचं. सकाळी तूच आधी विचारलंस. डोळे लाल होते तुझे. बोर्डावरची धूळ पुसत, माझ्याकडे न पाहता विचारलंस, "म्या ठेवल्यावर दादा काई बोलला का बे?"

मी म्हणालो, "नाही. त्यानंही ठेवला."

का म्हणालो? नियम होता आपला, कानावर पडलेलं बाहेर काढायचं नाही; त्याच्याआड लपायला बरं वाटलं. शिवाय सांगितलं असतं तर तू पहिलं हेच विचारलं असतंस, मग दोरी कोणी काढली? ज्या एका गोष्टीवर तू माझ्याशी रोज भांडायचास तीच मी तुझ्या बाबतीत केली होती. आणि वाटलं, दादा पुन्हा फोन करेलच. भाऊच आहे.

दादानं पुन्हा कधी फोन केला नाही. का करेल? त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यानं पोटातलं सगळं सांगितलं होतं, आणि ते सांगून झाल्यावर फोन बंद पडला होता. त्याला वाटलं असणार, गंग्यानं ऐकलं आणि तरी ठेवला. तुला वाटत राहिलं, त्यानं एक शब्दही न बोलता ठेवला. तुम्ही दोघं एकमेकांवर रुसलात ते दोन्ही रुसवे माझ्या हातातून निघाले होते.

लग्नाला तू गेला नाहीस. काही वर्षांनी दादा गेल्याचं पत्र आलं तेव्हा मात्र गेलास. नागपूरहून परत आलास तो सरळ माझ्या घरी, अंगावर प्रवासाचेच कपडे. माझ्या बायकोनं पाणी दिलं, तू ते हातात धरून बसलास.

"सद्या, त्यानं घरी काय सांगून ठेवलं होतं, माहीत हाय? वहिनी म्हने, तुमच्या दादानं मायले खांदा देल्ला, आठ दिस जेवला नाई. मायच्या मातीले गेलतो म्हने! सोनाळ्यात कोनी पाह्यलं त्याले? मेलेल्या मायच्या नावानं खोटं बोलला बे माहा भाऊ."

मला त्या क्षणी सगळं दिसलं. काठावरून परत गेलेला माणूस घरी काय सांगणार? खांदा दिला म्हणणार, दुसरं काय. तू ज्याला खोटं म्हणत होतास तो एका माणसाचा न पोचलेला रस्ता होता, आणि तो रस्ता फक्त मला माहीत होता. बायको चुलीपाशी होती. तू माझ्यासमोर होतास. माझं तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं.

तेव्हा तू पुन्हा विचारलंस. "त्या दिवशी म्या ठेवल्यावर... खरंच काई नाई बोलला?"

"नाही रे," मी म्हणालो. "लगेच ठेवला."

"म्या रागात ठेवला. त्यानं तरी धरून ठेवायले पाह्यजे होता," तू म्हणालास आणि पाणी प्यालास.

पहिल्यांदा बोललो ते भीतीनं. दुसऱ्यांदा बोललो ते पहिलं वाचवायला. त्यानंतर काही करता येईल असं मला कधी वाटलंच नाही. बोर्ड गेला, आपोआप लागणारे फोन आले, तू सोनाळ्याच्या शेतावर राहायला गेलास, मी इथेच राहिलो. दर दिवाळीला मी तुझ्याकडे यायचो. बोर्डाच्या दिवसांत तू माझ्या बायकोच्या आजारपणात महिनाभर माझी ड्यूटी आपल्या अंगावर घेतलीस, कधी बोलून दाखवलं नाहीस. माझ्या पोराच्या बारशाला तू तुझ्या मायचं चांदीचं वाळं दिलंस. "मायनं माह्या पोराले ठेवलं होतं, माह्या घरी तं पोरीच. घे." (मुलगा तुला नंतर झाला, पण वाळं तू परत घेतलं नाहीस.) इतकं देणाऱ्या माणसाला मी एक वाक्य देऊ शकलो नाही.

तुझी नात मुक्ता पुण्याहून आली होती ती दिवाळी तुला आठवत असेल. ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, कपाळाला आठ्या. तू विचारलंस, काय अडलं? ती म्हणाली, "आजोबा, सी भाषेतला एक जुना प्रोग्राम आहे. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. बोलून झालं की हा सॉकेट बंद करतो. पण कधी कधी समोरच्याचं शेवटचं बोलणं हरवतं."

"सॉकेट म्हंजे आमच्या बोर्डाचं भोक?"

"तसंच समजा. नीट बंद करायचं तर आधी नुसतं शटडाउन करायचं. म्हणजे 'माझं बोलून झालं' एवढंच कळवायचं, पण ऐकत राहायचं. समोरूनही 'झालं' येईपर्यंत वाचत राहायचं आणि मग क्लोज. ज्यानं हे लिहिलं त्यानं आपलं झालं की थेट क्लोज करून टाकलंय."

तू मांडीवर थाप मारलीस. "सद्या! आयकलं का बे? मशीनले बी समजलं, तुले नाई समजलं! एकाचं झालं म्हंजे दुसऱ्याचं झालं नाई!" सगळे हसले. मीही हसलो असेन. मग तू तिला विचारलंस, "अन् त्या समोरच्याले समजते का, का आपलं आयकलंच नाई म्हनून?"

"तोच घोळ आहे ना, आजोबा. त्याचं पाठवून झालेलं असतं. त्याला वाटतं, पोचलं."

"त्याले वाटते पोचलं," तू पुन्हा म्हणालास. अंगणात पाहत राहिलास. तुझ्या मनात काय आलं मला माहीत नाही. मी चहाचे कप उचलून आत गेलो, जे त्या घरात मी कधी केलं नव्हतं. बाहेर आलो तेव्हा मुक्तानं दोन-चार ओळी बदलून प्रोग्राम पुन्हा चालवला होता आणि सगळं पोचलं म्हणून ती खूश होती. पुन्हा चालवता येतं, म्हणून मला तिचा हेवा वाटला.

तुला शेवटचं पाहायला आलो ते मागच्या महिन्यात. मी बसनं येतानाच ठरवून आलो होतो. संग्रामपूर येईपर्यंत वाक्यं जुळवत होतो. तू खाटेवर डोळे मिटून पडला होतास. सुनबाई म्हणाली, "कानातलं मशीन काढून ठेवलं हाय काका, लयच शिट्टी वाजवते. लावून देऊ का?"

मी म्हणालो, "असू दे. झोपू दे त्याला."

ती आत गेली. मी खाटेजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. पूर्णेचं पाणी, दादा, खांदा, शेठचा माणूस, दोरी. तुझ्या कानात काही नव्हतं हे मला माहीत होतं, गंगाधर. म्हणूनच सांगता आलं. जन्मभर ज्याची धास्ती घेतली ते मी एका बंद फोनमध्ये बोलून टाकलं.

तेवढ्यात तू डोळे उघडलेस. माझे ओठ हलताना दिसले असतील. तू हसलास, आपल्या त्या जुन्या बोर्डावरच्या आवाजात विचारलंस, "झालं का बोलनं?"

मशीन उशाशी होतं. हात लांब केला असता तर लागलं असतं. मी मान हलवली. मग तुझी सवय आठवून तोंडानंही म्हणालो, "झालं."

तू डोळे मिटलेस.

झालं नव्हतं. आता हे तरी पुण्याच्या भाषेत नको. गंग्या, तुहा दादा आलता बे. पुर्नेच्या काठावर बसला होता, पानी उतरेलोक. तू ठेवल्यावर बी तो तुले हेच सांगून राह्यला होता, अन् दोरी म्या काढली. मंग तुले दोनदा खोटं सांगतलं. मले माफ कर.